परदेशात साथ, पुण्यात फोन: यंत्रणा काय करतात आणि घरानं काय करायचं

२० सप्टेंबर २०२२ ची संध्याकाळ. पितृपक्ष चालू होता. समोरच्या वहिनी फोन हातात धरूनच आत आल्या. "ताई, युगांडात इबोला आलाय. धाकट्याला उद्याचंच तिकीट काढायला सांगू का?"

त्यांचा धाकटा मुलगा युगांडातल्या जिंजा शहराजवळ एका साखर कारखान्यात केमिस्ट. साथ निघाली होती मुबेंडे जिल्ह्यात, म्हणजे राजधानी कंपालाच्या पश्चिमेला. जिंजा पूर्वेला. मधलं अंतर साधारण पुणे ते कोल्हापूर. धायरीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तोवर पाच व्हिडिओ येऊन पडले होते. त्यातला सगळ्यात भयंकर २०१४ चा, लायबेरियातला होता.

मी पंचवीस वर्षं मेडिकल कॉलेजात पीएसएम, म्हणजे रोगप्रतिबंध आणि सामाजिक वैद्यक, शिकवलं. मुलांना तो विषय कंटाळवाणा वाटतो, परीक्षेच्या आदल्या रात्री वाचतात. पण अशा संध्याकाळी कामाला येतो तो हाच विषय. साथीला उत्तर देणाऱ्या यंत्रणा ठरलेल्या पायऱ्यांनी चालतात. त्या आत्ता कुठल्या पायरीवर आहेत हे ओळखता आलं, की पुढच्या आठवड्यात काय होणार याचा अंदाज येतो आणि तिकिटाचा निर्णय थंड डोक्यानं घेता येतो. वहिनींना तेव्हा जे टप्प्याटप्प्यानं सांगितलं, तेच इथे लिहिते आहे. ज्यांचं माणूस बाहेर आहे किंवा जे स्वतः निघालेत, त्यांनी ते आपापल्या देशाला आणि आजाराला लावून बघावं.

पहिली पायरी: कुणकुण

साथ जाहीर होते त्याच्या बरीच आधी ती कुठेतरी कुजबुजत असते. मुबेंडेत सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात सहा मृत्यू झाले होते, कारण कळत नव्हतं. अशा कुणकुणीवर लक्ष ठेवणं हे आता वेगळं कामच आहे. जागतिक आरोग्य संघटनेची एक संगणकीय व्यवस्था जगभरच्या बातम्या आणि नोंदी सतत चाळत असते. प्रोमेड नावाचं जाळं १९९४ पासून डॉक्टर आणि पशुवैद्यांकडून आलेल्या खबरी तपासून पुढे पाठवतं. वुहानमधल्या न्यूमोनियाची खबर तिथे ३० डिसेंबर २०१९ लाच झळकली होती. आपल्याकडे २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम आहे. त्यात आशाताई आणि आरोग्य केंद्रांकडून येणाऱ्या नोंदींबरोबर वर्तमानपत्रंही चाळली जातात. तालुक्याच्या पानावरची 'गावात तापाची साथ' ही चार ओळींची बातमी कुणीतरी पगार घेऊन वाचत असतं, हे मला नेहमी दिलासा देणारं वाटतं.

आपण काय करायचं? फॉरवर्ड आला की तारीख आणि ठिकाण बघायचं. मग दोनच जागा उघडायच्या: त्या देशाच्या आरोग्य मंत्रालयाचं पान आणि जागतिक आरोग्य संघटनेचं साथींच्या बातम्यांचं पान. दोन्हीकडे काहीच नसेल तर ती अजून कुणकुण आहे. कुणकुणीवर तिकीट काढत नाहीत.

दुसरी पायरी: प्रयोगशाळेचा शिक्का

मुबेंडेच्या सरकारी रुग्णालयात चोवीस वर्षांचा एक तरुण दाखल झाला होता. ताप, उलट्या, रक्तस्राव. त्याचा नमुना एंटेबेच्या विषाणू संशोधन संस्थेत गेला, १९ सप्टेंबरला अहवाल आला आणि दुसऱ्या दिवशी सरकारनं साथ जाहीर केली. तो तरुण अहवालाच्याच दिवशी गेला.

एंटेबेच्या या संस्थेशी पुण्याचं एक लांबचं नातं आहे. ती १९३६ मध्ये रॉकफेलर फाउंडेशननं पीतज्वराच्या, म्हणजे यलो फीवरच्या, अभ्यासासाठी काढली. आपल्या आंबेडकर रस्त्यावरची एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्था, हीही १९५२ मध्ये त्याच फाउंडेशनच्या आणि आयसीएमआरच्या भागीदारीतून, विषाणू संशोधन केंद्र या नावानं उभी राहिली. एंटेबेजवळच्या झिका नावाच्या जंगलात १९४७ मध्ये त्यांना जो विषाणू सापडला, त्यानं २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातलं बेलसर गाठलं आणि २०२४ मध्ये पुण्यातलं एरंडवणे. 'परदेशातला आजार' म्हणताना एवढं ध्यानात ठेवलेलं बरं.

नमुना पाठवणं हीसुद्धा एक कला आहे. तीन आवरणं असतात: आत गळती न होणारी नळी, तिच्याभोवती शोषून घेणारा कापूस आणि दुसरा हवाबंद डबा, बाहेर मजबूत खोका. थंडावा टिकवायचा, कागद बाहेरच्या आवरणात ठेवायचे, विमान कंपनीला आधी कळवायचं. केरळमधला भारताचा पहिला कोविड रुग्ण ३० जानेवारी २०२० ला नक्की झाला, तो असाच पुण्यात आलेल्या नमुन्यावरून. २०१८ मध्ये कोझिकोडच्या निपाहवरही पुण्यातच शिक्कामोर्तब झालं.

या पायरीवर बातमीत दोन गोष्टी शोधायच्या. एक, आकड्यापुढचा शब्द. संशयित म्हणजे लक्षणं जुळतात. संभाव्य म्हणजे लक्षणं आणि संपर्क दोन्ही जुळतात, पण तपासणी झालेली नाही, बऱ्याचदा रुग्ण दगावल्यामुळे. निश्चित म्हणजे प्रयोगशाळेचा शिक्का. वाहिन्या तिन्हींची बेरीज करून मोठ्या अक्षरात दाखवतात. दुसरी गोष्ट, विषाणूचा प्रकार. युगांडात निघाला तो इबोलाचा सुदान प्रकार. बाजारात असलेली इबोलाची लस झाईर प्रकारावरची, म्हणजे इथे निरुपयोगी. 'लस आहे ना, मग काय!' म्हणणाऱ्या ग्रुपमधल्या काकांना हा फरक समजावता समजावता माझा अर्धा तास गेला.

तिसरी पायरी: जगाला सांगणं

आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम २००५ मध्ये नव्यानं लिहिले गेले आणि १५ जून २००७ पासून लागू झाले. १९६ देश त्यांनी बांधलेले आहेत. घटना कळल्यावर ४८ तासांत तिचं मोजमाप करायचं आणि कळवण्याजोगी ठरली तर पुढच्या २४ तासांत जागतिक आरोग्य संघटनेला कळवायचं. कळवण्याजोगी आहे का, हे ठरवायला चार प्रश्न असतात. परिणाम गंभीर आहे का? घटना अनपेक्षित आहे का? सीमेपलीकडे पसरण्याचा धोका आहे का? प्रवासावर, व्यापारावर निर्बंध येण्याचा धोका आहे का? दोन प्रश्नांचं उत्तर 'हो' आलं की कळवायचंच. देवी, सार्स, रानटी पोलिओ आणि माणसात सापडलेला नव्या प्रकारचा फ्लू यांना प्रश्नही विचारायचे नाहीत, एक रुग्ण सापडला तरी कळवायचं.

कागदावर हे सोपं. प्रत्यक्षात जो सांगतो त्याला मार पडतो. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची बातमी फुटली तेव्हा काही देशांनी भारताची विमानंच थांबवली, माल अडवला. तेव्हा आपण 'ते' होतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी ओमिक्रॉन ओळखून जगाला तत्परतेनं सांगितलं आणि चार दिवसांच्या आत अनेक देशांनी त्यांची विमानं बंद केली. माझं स्पष्ट मत आहे, जो देश पटकन सांगतो त्याच्याकडे जायला मी कमी घाबरेन. युगांडानं अहवाल आल्यावर एका दिवसात सांगितलं. वहिनींना मी म्हटलं, ही पहिली चांगली खूण.

चौथी पायरी: धोक्याचं वजन

यानंतर धोका तीन पातळ्यांवर तोलला जातो: त्या देशात किती, शेजारच्या प्रदेशात किती, जगाला किती. बातमीत 'धोका खूप जास्त' असं आलं तर तो यातल्या कुठल्या पातळीवरचा ते बघायचं. युगांडाच्या साथीत देशाला धोका मोठा होता, जगाला कमी ठरवला गेला.

'जागतिक आरोग्य आणीबाणी' हे प्रकरण त्याच्या वरचं. तज्ज्ञांची समिती सल्ला देते, निर्णय महासंचालकांचा असतो. २००९ चा स्वाइन फ्लू, २०१४ चा पोलिओ आणि पश्चिम आफ्रिकेतला इबोला, २०१६ चा झिका, २०१९ चा काँगोतला इबोला, २०२० चा कोविड, २०२२ आणि २०२४ चा एमपॉक्स अशा वेळी ती जाहीर झाली. युगांडात २०२२ मध्ये झाली नाही. आणीबाणी नाही म्हणजे काही नाही, असं नव्हे; त्या गावातल्या माणसासाठी ती कधीच आलेली असते.

पाचवी पायरी: पथकं निघतात

लोकांना वाटतं, जिनिव्हाहून, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या मुख्यालयातून, विमान भरून डॉक्टर येतात आणि ताबा घेतात. तसं होत नाही. देशानं बोलावल्याशिवाय किंवा होकार दिल्याशिवाय कुणीही आत येऊ शकत नाही, आणि आलं तरी सूत्रं त्या देशाच्या मंत्रालयाकडे राहतात. बोलावणं आलं की २००० मध्ये उभं राहिलेलं एक जाळं हलतं. त्यात जगभरच्या संस्था, विद्यापीठं, प्रयोगशाळा आहेत. साथरोगतज्ज्ञ लागतात, प्रयोगशाळेची माणसं लागतात, साठा सांभाळणारा लागतो, पाण्याचा इंजिनिअर लागतो, आणि हल्ली मानववंशशास्त्राचा माणूसही लागतो. तो का, ते पुढे येईल.

कामाचा गाभा मात्र पायी हिंडण्याचा. एका रुग्णामागे, तो आजारी पडल्यापासून त्याच्या संपर्कात आलेली माणसं शोधायची: घरचे, शेजारी, रिक्षावाला, नर्स, वैदू. प्रत्येकाचं नाव यादीत. इबोलाचा अधिशयन काळ, म्हणजे लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ, २ ते २१ दिवसांचा, म्हणून प्रत्येकाला रोज भेटून २१ दिवस ताप मोजायचा. युगांडात अशी चार हजारांवर माणसं तपासली गेली. इबोला हवेतून उडत येत नाही, लक्षणं दिसण्याआधी पसरत नाही. रुग्णाच्या रक्ताशी, उलटीशी, घामाशी, मृतदेहाशी थेट संबंध आला तर पसरतो. त्यामुळे यादी पक्की असेल तर साथीला कोंडता येतं. साथ आटोक्यात येतेय की नाही हे ओळखायची माझी आवडती खूण हीच: नवीन रुग्ण आधीच्या यादीतले आहेत का? यादीतलाच माणूस आजारी पडला तर यंत्रणा साथीच्या पुढे आहे. यादीबाहेरचा कुणी अचानक सापडला तर साथ पुढे आहे. अहवालात हे एका ओळीत दिलेलं असतं, पण बातमीत कधीच येत नाही. वहिनींना मी रोज तीच ओळ बघायला लावली, आणि आठवड्याभरात त्याच मला ती वाचून दाखवू लागल्या.

रुग्णालयात दुसरी लढाई. साथ ओळखण्याआधी तिथले लोक साधे हातमोजे घालून काम करत असतात. युगांडात १९ आरोग्य कर्मचाऱ्यांना लागण झाली, सात गेले. म्हणून पथकाचं पहिलं काम दोन दारं करणं: संशयितांचं वेगळं, बाकीच्यांचं वेगळं. मग अंगभर किट आणि ती काढण्याचा क्रम. किट घालताना चूक झाली तर दिसते. काढताना झाली तर दिसत नाही आणि माणूस आजारी पडतो. त्यामुळे काढताना समोर दुसरा माणूस उभा करून एकेक पायरी मोठ्यानं म्हणायला लावतात.

आणि मग येतं मर्तिक. इबोलानं गेलेल्या माणसाचा देह सगळ्यात जास्त संसर्गाचा असतो, आणि नेमकं तेव्हाच घरच्यांना त्याला न्हाऊ घालायचं असतं, कवटाळायचं असतं. इथे जबरदस्ती केली की सगळं फिसकटतं. हे पुणेकरांना कुणी शिकवायला नको. १८९७ च्या प्लेगात रँडच्या देखरेखीखाली गोऱ्या सोजिरांनी घराघरांत घुसून झडत्या घेतल्या, देवघरापर्यंत गेले, आजारी माणसं ओढून नेली. लोक रुग्ण लपवू लागले. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत काय झालं ते शाळेत वाचलंय आपण सगळ्यांनी. त्याच प्लेगात सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता १० मार्चला गेल्या. एकाच शहरात, एकाच साथीत, दोन तऱ्हा. सप्टेंबर २०१४ मध्ये गिनी देशातल्या वोमे गावात इबोलाची माहिती द्यायला गेलेल्या पथकातल्या आठ जणांना गावकऱ्यांनी मारून टाकलं. तेव्हापासून 'सुरक्षित आणि सन्मानानं दफन' ही पद्धत रुळली: कुटुंबातला एक जण किट घालून हजर, धर्मगुरूला बोलावणं, प्रार्थना अंतरावरून, कफनाचा रंग त्यांच्या मनाचा. मानववंशशास्त्राचा माणूस लागतो तो इथे. कुणाला विचारायचं, कुणाला आधी सांगायचं, कुठल्या शब्दाला गाव दचकतं, हे त्याला कळतं.

युगांडानं १५ ऑक्टोबरला मुबेंडे आणि कसांडा या जिल्ह्यांत २१ दिवसांची टाळेबंदी लावली, पुढे वाढवली. साथ त्याआधीच कंपालात पोचली होती. नोव्हेंबरमध्ये जिंजातही रुग्ण निघाला. त्या दिवशी वहिनींनी मला फोनही केला नाही, थेट येऊन बसल्या.

तिकीट काढायचं का? तीन प्रश्न

त्या दिवशी आम्ही धाकट्याला व्हिडिओ कॉल लावला आणि एवढंच विचारलं.

आजारी माणसाशी, मर्तिकाशी, रुग्णालयाशी संबंध आला का? आला असेल तर २१ दिवस हलायचं नाही, स्थानिक यंत्रणेच्या यादीत नाव घालायचं. पळून विमानात बसणं हे स्वतःसाठी, शेजारच्या सीटसाठी आणि आईसाठीही वाईट. तो म्हणाला, नाही.

ताप आहे का? असेल तर कारखान्याच्या डॉक्टरला आधी फोन, मग भेट. तोही नव्हता.

तिथे आजारी पडलास तर कुठे नेणार? याचं उत्तर कंपनीकडून लेखी घ्यायचं: रुग्णालयाचं नाव, विम्यात विमानानं हलवण्याचा खर्च धरलाय का, भारतीय उच्चायुक्तालयात नोंद आहे का. इथे धाकटा जरा गांगरला. दोन दिवसांत त्यानं कागद मिळवले. वहिनींची त्या रात्री झोप झाली.

तिन्ही उत्तरं स्वच्छ असतील तर राहणं आणि परतणं दोन्ही चालतं. त्यानं ठरल्याप्रमाणे डिसेंबरातच सुट्टीवर यायचं ठरवलं. तोवर बाजारात कमी, अंत्यविधींना अजिबात नाही आणि रानातलं मांस बंद, एवढी पथ्यं.

लस: मांजरीहून निघालेले खोके

सुदान प्रकारावर लस नव्हती, पण तीन लशी चाचणीच्या उंबरठ्यावर होत्या. त्यातली एक ऑक्सफर्डची, आणि तिचे डोस बनवले पुण्याजवळच्या मांजरीतल्या आपल्या सीरम इन्स्टिट्यूटनं, दोन महिन्यांच्या आत. मेनिंजायटिसच्या आफ्रिकेतल्या लशीमुळे या कामाची त्यांना सवय होती. २०१० मध्ये बुर्किना फासोत सुरू झालेली ती लसही पुण्याचीच.

चाचणीचा बेत असा, की नव्या रुग्णाभोवतीच्या माणसांचं कडं करायचं आणि त्यांना लस द्यायची. पण लशींचे पहिले डोस युगांडात पोचले ८ डिसेंबरला, आणि शेवटचा रुग्ण ३० नोव्हेंबरलाच बरा होऊन घरी गेला होता. कडं करायला रुग्णच उरला नाही. कुणाला ही फजिती वाटेल. मला नाही वाटली. कागदपत्रं, परवानग्या, शीतपेट्या सगळं जागेवर राहिलं. ३० जानेवारी २०२५ ला युगांडात पुन्हा सुदान इबोला जाहीर झाला तेव्हा चौथ्या दिवशी, ३ फेब्रुवारीला, लशीची चाचणी सुरू झालेली होती. ती लस दुसरी, तीन उमेदवारांपैकीच एक, पण वाट २०२२ मध्ये बांधलेली.

विमानतळावर काय होतं

निर्बंध लावू नका, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला होता. अमेरिकेनं युगांडाहून येणाऱ्यांना पाचच विमानतळांवर उतरवून त्यांची विचारपूस केली. थर्मल कॅमेऱ्याविषयी मी फारशी आदरानं बोलत नाही. २१ दिवसांच्या अधिशयन काळातला माणूस एका दिवसात पुण्यात पोचतो. कॅमेऱ्यासमोर तो ठणठणीतच असतो. विमानतळाचा खरा उपयोग दोन: पत्ता-फोन घेणं आणि माणसाच्या हातात 'ताप आला तर काय करायचं' याचा कागद देणं. निघण्याच्या विमानतळावरची तपासणी त्यापेक्षा कामाची, कारण तिथे संपर्कातल्या माणसांची यादी हाताशी असते.

कधी कधी मात्र सीमेवरच थांबवावं लागतं. नोव्हेंबर २०१४ मध्ये लायबेरियाहून इबोलातून बरा झालेला एक भारतीय तरुण दिल्लीत उतरला. रक्तात विषाणू नव्हता, वीर्यात होता. त्याला विमानतळाच्याच कक्षात ठेवलं. २०२० मध्ये वुहानहून आणलेल्यांची सोय दिल्लीजवळच्या मानेसर आणि छावला इथल्या छावण्यांत झाली. आणि पुण्याचे पहिले दोन कोविड रुग्ण ९ मार्च २०२० ला सापडले, ते दुबईहून सहलीवरून परतलेलं जोडपं. नायडू रुग्णालयात दाखल झाले. दुबई तेव्हा कुणाच्याच धोक्याच्या यादीत वर नव्हती.

यलो फीवरच्या कार्डाचं वेगळं सांगते, कारण दरवर्षी कुणी ना कुणी त्यात अडकतं. युगांडाला जाताना ही लस हवीच. ती केंद्र सरकारच्या यादीतल्या केंद्रांवरच मिळते. प्रमाणपत्र लसीनंतर दहा दिवसांनी लागू होतं आणि आयुष्यभर चालतं. परतताना ते नसेल तर भारतात सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन, कारण डेंग्यूचा आणि झिकाचा डास पीतज्वरही वाहतो, आणि तो आजार आपल्याकडे अजून शिरलेला नाही. कार्ड हातातल्या बॅगेत ठेवा. चेक-इनच्या बॅगेत ठेवून काउंटरवर सामान उघडणारे मी पाहिलेत.

घरी परतल्यावरचे एकवीस दिवस

धाकटा १७ डिसेंबरला उतरला. वहिनींनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर एकवीस चौकोन आखले. सकाळ-संध्याकाळ ताप मोजायचा, आकडा चौकोनात लिहायचा. बाकी घरात नेहमीसारखं. लक्षणं नसताना वेगळं ताट-वाटी करायची गरज नाही, हे त्यांना दोनदा सांगावं लागलं.

नवव्या दिवशी थंडी वाजून १०२. घराजवळच्या एका दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरांनी 'व्हायरल आहे' म्हणून तीन दिवसांच्या गोळ्या दिल्या. कुठून आलास, हे विचारलंच नाही. आणि यानंही सांगितलं नाही. ही चूक दोघांची. परदेशातून आल्यावर ताप आला तर क्रम असा: जाण्याआधी फोन, आणि पहिल्याच वाक्यात देशाचं नाव, उतरल्याची तारीख, कुणा आजाऱ्याशी संबंध आला का. दारातून आत गेल्यावर सांगितलं तर तोवर तुम्ही दहा जणांच्या रांगेत बसलेले असता. संबंध आला असेल तर रिक्षा, कॅब नाही. महापालिकेच्या आरोग्य विभागाला किंवा १०८ ला कळवायचं आणि ते सांगतील तिथेच जायचं.

धाकट्याचा कुणाशी संबंध आला नव्हता. मग आफ्रिकेतून आलेल्या माणसाच्या तापात पहिला संशय कुणाचा? मलेरियाचा. इबोलाच्या धास्तीत हे सगळे विसरतात. तिथला फाल्सिपेरम मलेरिया दोन-चार दिवसांत मेंदूवर जाऊ शकतो, त्यामुळे रक्ताची तपासणी त्याच दिवशी, उद्यावर नाही. मी त्याला दुपारीच दुसरीकडे पाठवलं. संध्याकाळी रिपोर्ट पॉझिटिव्ह. योग्य गोळ्या सुरू झाल्यावर ताप उतरला. वहिनींनी चौकोन भरणं सोडलं नाही. एकविसावा भरूनच पेन खाली ठेवलं.

साथ संपली असं कधी म्हणतात

शेवटचा रुग्ण निगेटिव्ह होऊन घरी गेला, की तिथून २१ च्या दुप्पट, ४२ दिवस मोजतात. या काळात नवा रुग्ण नाही निघाला तर साथ संपली. "कुठून मोजायचे?" वहिनींनी विचारलं. ३० नोव्हेंबर, मी म्हटलं. त्यांनी जुनं आणि नवं कॅलेंडर शेजारी ठेवलं, बोट फिरवत गेल्या आणि ११ जानेवारीवर थांबल्या. युगांडानं त्याच दिवशी जाहीर केलं. १४२ निश्चित रुग्ण, २२ संभाव्य. त्यानंतरही नजर चालू ठेवतात, कारण बऱ्या झालेल्यांच्या शरीरात विषाणू काही महिने दडून राहू शकतो.

धाकटा फेब्रुवारीत परत गेला. दोन वर्षांनी, जानेवारी २०२५ मध्ये, तिथे पुन्हा इबोला, आणि इथे आमच्या धायरी, किरकटवाडी, नांदेड गावात जीबीएसचे, म्हणजे मज्जातंतूंवर हल्ला करून हातपाय लुळे पाडणाऱ्या गिलेन-बारे सिंड्रोमचे, रुग्ण. एनआयव्हीत नमुने, दिल्लीहून केंद्राचं पथक, विहिरीच्या पाण्याची तपासणी, घरोघरी यादी, पुढे दोनशेहून अधिक संशयितांचे आकडे वाहिन्यांवर. एका रात्री वहिनींचा फोन स्पीकरवर होता, मी तिथेच बसले होते. त्या विचारत होत्या, "तुझ्या जिल्ह्यात आहे का रे? यादीतलेच आहेत ना?" आणि तिकडून तो विचारत होता, "आई, निश्चित किती आणि संशयित किती ते सांग आधी. टँकरचं पाणी पिऊ नकोस. आणि तिकीट काढू का?"